शंभराचा प्लॅन, सात जणांचा दिवस

पहाटे ५.४५

या वेळी नेट माझ्या एकट्याचं असतं. कर्वेनगरमधली जुनी सोसायटी, तिसऱ्या मजल्यावरचा तीन बेडरूमचा फ्लॅट आणि आम्ही सात जण. इथे कुणाला खऱ्या नावाने हाक मारायची पद्धत नाही. अमेरिकेतल्या ग्राहकांचे फोन घेणारा तो 'नाइट', एमपीएससीची तयारी करणारा 'कलेक्टर', फिजिओथेरपी शिकणारा 'डॉक्टर', शिवाय आर्किटेक्ट, इंजिनियर, वकील आणि मी, म्हणजे 'मास्तर'. नाइट साडेतीनला काम संपवून झोपलाय, वकील गावी गेलाय, बाकीच्यांचे गजर अजून वाजायचेत.

चहाचं आधण ठेवून मी पिंग बघतो. इथून निघालेला एक छोटासा निरोप मुंबईतल्या सर्व्हरला शिवून परत यायला किती वेळ घेतो, तो आकडा. आत्ता सहा मिलिसेकंद. संध्याकाळी हाच आकडा पाचशे-सहाशेवर जातो, आणि त्याच वेळी स्पीडटेस्टचा काटा ऐटीत ऐंशी-नव्वदवर उभा असतो. आमच्या घरातली निम्मी भांडणं या दोन आकड्यांमधली आहेत.

सकाळी ६.३०

मी शाळेच्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवतो. सकाळचे दोन तास कॅलिफोर्नियातल्या भारतीय मुलांचे. एप्रिलमध्ये आपले साडेसहा म्हणजे तिकडे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे सहा. या कामाला नेट फारसं लागत नाही, हे घरात कुणालाच पटत नाही. आवाजाला सेकंदाला शंभर किलोबिट पुरतात, चेहरा दिसायला एक-दोन मेगाबिट, फळ्यावरच्या रेघोट्यांना जवळजवळ काहीच नाही. शंभर मेगाबिटच्या प्लॅनमध्ये हे सगळं एका कोपऱ्यात मावायला हवं.

अडचण वेळेची आहे. संभाषण सहज वाटायचं तर आवाज एका टोकाहून दुसऱ्या टोकाला दीडशे मिलिसेकंदांच्या आत पोचावा, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ सांगतो. पुण्याहून कॅलिफोर्नियाला जाऊन-येऊन सव्वादोनशे ते अडीचशे लागतात, म्हणजे एका बाजूचे सव्वाशेच्या आसपास. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटरच धावतो. त्याला मीही काही करू शकत नाही आणि केबलवालाही. राहिले पंचवीस-तीस. तेवढ्यात माझं वायफाय, माझा राउटर, पलीकडे शिकणाऱ्या मुलीच्या घरचं वायफाय आणि मधलं सगळं सॉफ्टवेअर बसवायचं. आमच्या घरातून कुणी दोनशे मिलिसेकंदांची भर घातली, की मी "समजलं का?" विचारतो आणि तिचं "हो" माझ्या पुढच्या वाक्यावर येऊन आदळतं. मग दोघंही थांबतो, दोघंही एकदम बोलायला लागतो. अपूर्णांकांच्या भागाकारात असं दोन-चारदा झालं, की मूल समोर बसलेलं असतं, पण तिथे नसतं.

सकाळी ८.१०

दुसरा तास अर्ध्यावर आलाय आणि माझा आवाज तुटायला लागलाय. पिंग ५४०. 'नेट कुठाय' हे आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं नाव; त्यावर इंजिनियरने स्पीडटेस्टचा फोटो टाकलाय, "८८ येतंय. तुझ्या लॅपटॉपचा प्रॉब्लेम." त्याचं बघून आर्किटेक्टने टेस्ट लावली, मग कलेक्टरने. ही टेस्ट दहा-पंधरा सेकंद अख्खी लाइन तुडुंब भरून बघते. शंभराच्या लाइनवर शंभर-दीडशे एमबी एकेका टेस्टमध्येच जातात. नेट हळू झालंय म्हणून तिघाचौघांनी एकदम टेस्ट लावणं, हा नेट आणखी हळू करण्याचा खात्रीचा उपाय आहे.

मुलाला एक गणित सोडवायला देऊन मी माइक बंद करतो आणि राउटरचं पान उघडतो. अपलोडचा आलेख छताला टेकलाय. कागदावर आमचं अपलोडही शंभरच आहे, प्रत्यक्षात ते वीस-बावीसच्या वर कधी चढलेलं नाही. ते वीसच्या वीस कुठला तरी एक फोन गिळतोय. कुणाचा, ते राउटर सांगत नाही. अँड्रॉइड १० आल्यापासून आणि आयफोनवर २०२० पासून फोन वायफायला आपला खरा हार्डवेअर-पत्ता न देता एक बनावट पत्ता देतो, त्याचा माग काढता येऊ नये म्हणून. सोय चांगली आहे. पण त्यामुळे यादीत सात माणसांचे फोन सतरा अवतारांत दिसतात, आणि 'त्याचा स्पीड लॉक कर' हा इंजिनियरचा आवडता उपाय कुणावरच धड चालत नाही. मग मी दार उघडून हाक मारतो.

"अरे, लग्नाला कोण गेलं होतं?"

"मी," आतून डॉक्टर. "का रे मास्तर?"

"व्हिडिओ किती काढलेस?"

"हळद, सीमांतपूजन, वरात... सगळे धरून चाळीस जीबी असतील."

रात्री उशिरा एसटीने आला, सकाळी फोन चार्जिंगला लावला, वायफाय मिळालं आणि फोटोंचा बॅकअप आपोआप सुरू झाला. त्याला पत्ताही नाही. चाळीस जीबी म्हणजे तीन लाख वीस हजार मेगाबिट. वीसच्या वेगाने जवळजवळ साडेचार तास. डॉक्टरच्या मावसभावाच्या वरातीत माझी सकाळ निघाली.

पण माझ्या आवाजाला लागतात ते शंभर किलोबिट. तेवढी जागा त्या वीस मेगाबिटमध्ये सहज निघते. मग आवाज अडतो कुठे? रांगेत. बँकेत पासबुक भरायला आलेल्या माणसाचं काम अर्ध्या मिनिटाचं असतं, पण त्याच्या पुढे देवस्थानाची दानपेटी घेऊन ट्रस्टी उभे असतील आणि काउंटर एकच असेल, तर त्याचा तास जातो. राउटरमध्ये आणि कंपनीने बसवलेल्या डब्यात साठवणीची जागा अशी ऐसपैस ठेवलेली असते, एकही पाकीट, म्हणजे डेटाचा तुकडा, हरवू नये या चांगल्या हेतूने. पाकीट हरवत नाही, म्हणून पाठवणाऱ्या फोनलाही कळत नाही की आता जरा दमाने घ्यावं. तो पाठवत राहतो, रांग लांबत राहते. याला 'बफरब्लोट' म्हणतात. जिम गेटिस या अमेरिकी प्रोग्रामरने स्वतःच्या घरून मोठी फाइल चढवताना बाकीच्यांचं नेट का मरतं, याचा पिच्छा पुरवून २०१०-११च्या सुमाराला ही भानगड चव्हाट्यावर आणली. त्याच्या घरातही ओरडणारी माणसं होती, हे वाचून मला बरं वाटलं होतं.

डॉक्टरने बॅकअप थांबवला. पिंग नऊ. मुलाचं उत्तर चुकलंय, पण रीत बरोबर आहे.

सकाळी ९.१५

पोळ्यांच्या मावशी आल्या. त्यांचा फोन पहिल्यापासून आमच्या वायफायवर आहे. पासवर्ड बाहेरच्यांना देऊ नये, असं वकिलाचं मत होतं. मावशींनी एक दिवस सुट्टी घेतली आणि ते बदललं. त्यांच्या मुलीचे अकरावीचे व्हिडिओ कणीक मळून पोळ्या होईपर्यंत उतरतात.

आज त्या म्हणाल्या, "दादा, नुसतं गोल गोल फिरतंय." त्यांच्या पाठीमागे आर्किटेक्ट कालची भाजी मायक्रोवेव्हमध्ये गरम करत होता. मायक्रोवेव्ह २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो आणि जुन्या फोनचं वायफाय २.४ वर. दीड मिनिटात भाजी झाली, व्हिडिओही हलला. मावशींना मी हे समजावून सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "गॅसवर का नाही करत मग?" यावर आर्किटेक्टकडे उत्तर नव्हतं.

सकाळी १०.००

गुरुवार आहे. पुण्यात महावितरणची देखभालीची कामं गुरुवारी निघतात. दहा ते दोन वीज नाही, असा निरोप सोसायटीच्या ग्रुपवर कालच आला होता. पंखे थांबले, नाइट झोपेत कुशीवर वळला, पण राउटरचे दिवे चालू आहेत. तपकीर गल्लीतून आणलेला एक छोटा बारा व्होल्टचा यूपीएस त्याला जोडलाय, तीन-चार तास सहज खेचतो. आमची लाइन फायबरची. केबलवाल्याच्या ऑफिसपासून घरापर्यंत मध्ये कुठेही विजेवर चालणारं काही नसतं. एका तारेतला प्रकाश काचेच्या फाट्यांनी बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटला जातो आणि त्या फाट्याला वीज लागत नाही. समोरच्या इमारतीत अजून तांब्याची वायर आणि डक्टमध्ये पेटी आहे. वीज गेली की पेटी जाते, पेटी गेली की त्यांचे लोक बाल्कनीत येतात.

आठवड्यातलं सगळ्यात चांगलं वायफाय मला याच चार तासांत मिळतं. एरवी फोनवर आजूबाजूच्या नेटवर्कांची यादी उघडली तर बोट दुखेपर्यंत खाली सरकवावी लागते: फ्लॅट नंबर, कुलदैवतांची नावं, एक 'चोरी करू नका'. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांच्या पायात न येणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं, हा वायफायचा नियम. शेजारचा राउटर बोलत असला की माझा गप्प बसतो. म्हणजे माझ्या घरातलं नेट खालच्या मजल्यावरच्या आजोबांच्या कीर्तनासाठीही थांबतं. वीज गेली की आजोबा, कुलदैवतं आणि तो 'चोरी करू नका'वाला, सगळे एकदम हवेतून उतरतात. आत्ता यादीत चारच नावं आहेत.

मी घामाघूम होऊन पुढच्या आठवड्याचे पाठ चढवून टाकतो.

सकाळी ११.३०

केबलच्या ऑफिसातून पोरगा आला. डब्यावरचा दिवा अधूनमधून लाल होतो, अशी तक्रार दिली होती, त्यावर ऑफिसचं उत्तर नेहमीचं, "राउटर एकदा ऑफ-ऑन करून बघा." हा मात्र आला तो थेट पॉवर मीटर काढून वायर त्यात खुपसूनच उभा राहिला.

"सर, उणे सव्वीस येतंय."

प्रकाश किती पोचतो, ते डेसिबलमध्ये मोजतात. आमच्यासारख्या लाइनवर उणे सत्तावीस ही काठावरची रेघ; त्यापलीकडे डब्याला दिसेनासं होतं. त्याने भिंतीच्या कडेने वायर चाचपत नेली आणि लोखंडी कपाटापाशी थांबला. कपाट सरकवताना कुणीतरी वायर काटकोनात मुडपून मागे दाबली होती.

"काच असते सर आत. अशी घडी घालून चालत नाही."

कपाट आम्ही दोघांनी हलवलं, त्याने वायरला मोठं वळण देऊन चिकटपट्टीने लावली. उणे एकोणीस. सात डेसिबलचा फरक म्हणजे पाचपट प्रकाश. मग मुहूर्त साधून त्याने ऑफिसने पढवलेलं वाक्य म्हटलं, "सर, माणसं जास्त आहेत, दोनशेचा प्लॅन घेऊन टाका."

"दोनशेचा घेतला तर अपलोड किती होईल?"

तो हसला. "तेवढंच राहील सर."

याला चहा पाजला. एवढं खरं बोलणारा माणूस या धंद्यात मी फार पाहिलेला नाही.

दुपारी १.३०

कलेक्टर जेवायला घरी आला. सकाळपासून तो सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत असतो. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५पासून वर्णनात्मक झाली आणि याच्या नेटची गरज उलटी झाली. आधी व्हिडिओ उतरवायचे, ते तो रात्री ३६०पीला उतरवून ठेवायचा. फळा आणि सरांची मिशी दोन्ही त्यात दिसतात. आता उत्तरं लिहून, फोटो काढून तपासायला पाठवायची. तीस पानांची फाइल नव्वद एमबीची होत होती. रंग काढून काळं-पांढरं स्कॅन करायला शिकवल्यापासून ती चार-पाच एमबीत बसते, आणि अक्षर जास्त ठळक दिसतं म्हणून तपासणारे सरही खूश.

जेवताना बिलाचा विषय निघतोच. नऊशे नव्व्याण्णव, त्यावर अठरा टक्के जीएसटी, एकूण १,१७८ रुपये ८२ पैसे. सातात प्रत्येकी १६८ रुपये ४० पैसे. कलेक्टरचं म्हणणं, तो दिवसाचे दहा तास बाहेर असतो, त्याला निम्मं लावा. इंजिनियरने मागे कोण किती जीबी वापरतो त्याप्रमाणे बिल वाटायची एक्सेल शीट केली होती. बनावट पत्त्यांमुळे त्यात एका 'अज्ञात' व्यक्तीवर सगळ्यात मोठी रक्कम निघाली आणि शीट मेली. मेली ते बरंच झालं. जीबी मोजून काही कळत नाही. कलेक्टर मध्यरात्री दहा जीबी उतरवतो तेव्हा कुणाच्या केसालाही धक्का लागत नाही. डॉक्टरचे सकाळी आठचे पहिले शंभर एमबीही मला जड जातात. म्हणून माझा आग्रह समान वर्गणीचा, आणि नियम करायचे तर वेळेचे. फ्रिजवर एक कागद आहे त्याप्रमाणे: बॅकअप आणि गेमचे अपडेट रात्री दोननंतर, सबमिशन असेल तर आदल्या दिवशी ग्रुपवर सांगणे. तो कागद पाळला जातो असं मी म्हणत नाही. पण भांडताना बोट दाखवायला उपयोगी पडतो.

दुपारी ३.००

वीज आली. आज मला नवा राउटर बसवायचाय, नवा म्हणजे कुणाचा तरी वापरलेला, स्वस्तात मिळालेला. त्यात मूळचं सॉफ्टवेअर काढून ओपनडब्ल्यूआरटी हे मोफत सॉफ्टवेअर घातलंय. कारण एकच, रांग हातात घेणे.

रांगेची ही लढाई जुनी आहे. ऑक्टोबर १९८६मध्ये कॅलिफोर्नियातली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यामधली लाइन अचानक बसली. अंतर चारशे यार्ड, म्हणजे चालत पाच मिनिटं. वेग सेकंदाला बत्तीस हजार बिटांवरून चाळीस बिटांवर आला. हजार नाही, नुसते चाळीस. प्रत्येक कॉम्प्युटर उत्तर आलं नाही म्हणून तेच ते पुन्हा पाठवत होता. आमच्या सकाळच्या स्पीडटेस्टवाल्यांचे ते पूर्वज. व्हॅन जेकबसन यांनी त्यावर तोड काढली: पाकीट हरवलं की समजायचं गर्दी आहे, आणि आपणच हात आखडायचा. १९८८मध्ये त्यांचा तो निबंध आला आणि आजचं इंटरनेट त्या शिस्तीवर उभं आहे. पुढे साठवणीची जागा स्वस्त झाली, पाकिटं हरवेनाशी झाली आणि तो इशाराच मिळेना. मग २०१२मध्ये कॅथलीन निकोल्स आणि याच जेकबसन यांनी नवी युक्ती मांडली. रांगेत किती पाकिटं आहेत ते मोजत बसू नका, पाकीट किती वेळ उभं आहे ते बघा. पाच मिलिसेकंदांहून जास्त वेळ सतत ताटकळत असेल तर एखादं टाकून द्या, पाठवणारा आपोआप हळू होईल. माझ्या राउटरात तिचा पुढचा अवतार आहे. तो प्रत्येक संभाषणाची वेगळी रांग करतो आणि ज्याच्याकडे थोडंच सामान आहे त्याला पुढे काढतो.

हे चालायला एक किंमत मोजावी लागते. रांग माझ्या राउटरात लागायला हवी, कंपनीच्या डब्यात नाही. डब्यातल्या रांगेवर माझा हुकूम चालत नाही. म्हणून लाइन मुद्दाम थोडी आखडून घ्यायची. डाउनलोड ८५, अपलोड १८. मी एकीकडे मोठी फाइल चढवायला लावली आणि पिंग लावलं. अकरा, बारा, अकरा, चौदा.

आणखी एक गोष्ट याच वेळी केली. कोणत्या फोनने कोणत्या साइटचं नाव विचारलं, याची नोंद राउटर ठेवू शकतो. पानांमधला मजकूर कुलूपबंद असतो, पण नावं दिसतात. कोण रात्री नोकरी शोधतोय, कोण कुठल्या आजाराविषयी वाचतोय, एवढं नावांवरूनही कळतं. ती नोंद बंद केली. राउटरचा पासवर्ड ज्याच्या हातात, त्याने हे पहिल्या दिवशी करावं आणि बाकीच्यांना दाखवून करावं.

संध्याकाळी ५.४५

इंजिनियर हिंजवडीहून आला तो घामाने आणि ट्रॅफिकने वैतागलेला. बूट काढायच्या आधी त्याने गेम उघडला. साठ जीबीचा अपडेट. मग स्पीडटेस्ट. मग माझ्या खोलीच्या दारात.

"मास्तर, ८४ च का येतायत?"

"मी पंधरा कापलेत."

"आपण पैसे शंभराचे देतो!"

त्याला मी गणित मांडून दाखवलं. साठ जीबीला शंभरच्या वेगाने ऐंशी मिनिटं, पंच्याऐंशीच्या वेगाने चौऱ्याण्णव. चौदा मिनिटं तुझी गेली. तुझ्या खेळात पिंग तीनशेवर गेला की तू मरतोस, ते मात्र वाचलं. तो 'मरतोस'वर विचारात पडला. इंजिनियरला तत्त्व पटत नाही, खेळात जिंकणं पटतं.

संध्याकाळी ७.३०

आयपीएलचा सामना आणि नाइटची शिफ्ट यांची वेळ एकच. नाइट साडेसहालाच कानाला हेडफोन लावून बसलाय. त्याचे कॉल रेकॉर्ड होतात, आवाज तुटला की त्याचे गुण कापले जातात. आजपर्यंत दर सामन्याला तो किंवा बाकीचे, कुणीतरी एक रडायचा. प्रत्येक फोन सामना आपापला वेगळा ओढतो. चौघांनी एकच ओव्हर बघितली तरी ती चारदा खाली येते. शिवाय व्हिडिओ अधाशी असतो: लाइन मोकळी दिसली की चित्र आणखी स्वच्छ करून मागतो. सहा इंचांच्या पडद्यावर बोटाने ४८०पी करून दिलं, तर फरक कुणाला सांगता येत नाही. मी झोपलेल्यांच्या फोनवर हा प्रयोग केलाय, असा आरोप माझ्यावर आहे.

आज नाइट आतून अंगठा दाखवतोय. पिंग चौदा-पंधरा.

पण मागच्या बेडरूममधून डॉक्टर ओरडला, "अडकलं!" ही वेगळी गोष्ट आहे, तिथे रांगेचा संबंध नाही. राउटर मुळातच दाराशी आहे, कारण वायर दाराशी आली आणि बसवणाऱ्याला पुढच्या घरी जायचं होतं. मागच्या खोलीपर्यंत दोन विटांच्या भिंती, एक माळा आणि ते लोखंडी कपाट. तिथला फोन दुबळ्या सिग्नलवर सावकाश बोलतो, आणि तो बोलत असताना बाकी सगळे गप्प बसतात. लांबचा एक फोन स्वतःही रखडतो आणि जवळच्यांनाही रखडवतो. इंजिनियरने मध्यंतरी रिपीटर आणला होता. तो ऐकलेलं सगळं त्याच हवेत पुन्हा म्हणून दाखवायचा; दांड्या वाढल्या, वेग निम्मा झाला. शेवटी जुना राउटर मागच्या खोलीत ठेवून त्याच्यापर्यंत वायर ओढायचं ठरलं. मालकांनी भिंतीला भोक पाडायला मनाई केलीय, म्हणून वायर दरवाज्याच्या चौकटीवरून जायची. ती अजून अर्ध्यावर, हॉलच्या कोपऱ्यात गुंडाळलेली आहे.

तोवरचा तोडगा: लॅपटॉप हॉलमध्ये, राउटरला वायरने जोडलेला, आणि सगळ्यांनी तिथे बसायचं. चाराऐवजी एकच सामना खाली येतो. फक्त विकेट आम्हाला आधी ऐकू येते आणि मग दिसते. समोरच्या बाल्कनीत टीव्ही आहे, आमचं चित्र त्यांच्या मागे अर्धा मिनिट. ते ओरडले की आम्ही कोण आउट होणार यावर पैज लावतो. कलेक्टर या पैजा जिंकतो. त्याला तो चालू घडामोडींचा अभ्यास म्हणतो.

रात्री ११.२०

ग्रुपवर आर्किटेक्ट: "सबमिशन ११.५९ ला."

आदल्या दिवशी सांगायचं ठरलंय, हे कुणी बोललं नाही. त्याचा चेहरा बघून बोलण्यासारखं नव्हतं. त्याची फाइल अजून तयार होत होती. ११.४४ला झाली, एक पूर्णांक एक जीबी. कॉलेजच्या पोर्टलवर चढवायला घेतली आणि उरलेला वेळ दाखवणारा आकडा चोवीस मिनिटांवर थांबला.

मी आलेख बघितला. अठरा मेगाबिटचे तीन समान वाटे पडले होते. एक आर्किटेक्टचा, एक डॉक्टरच्या वरातीचा, एक इंजिनियरच्या खेळाच्या व्हिडिओचा, जो तो कुठेतरी चढवत होता. दुपारी बसवलेलं यंत्र अगदी इमानदारीने सगळ्यांना सारखं देत होतं. नाइटचा आवाज स्वच्छ, माझा पिंग तेरा, आणि आर्किटेक्टचं सेमिस्टर पाण्यात. ११.५९ म्हणजे काय, हे त्या यंत्राला कळायचं कारण नाही.

"अपलोड बंद करा रे सगळे!"

डॉक्टरने फोनच बंद केला. इंजिनियर एरवी दहा मिनिटं वाद घालतो. आज त्याने मुकाट्याने लॅपटॉप मिटला. कलेक्टर काही चढवत नव्हता, तरी त्याने आपला फोन विमान मोडवर टाकून सगळ्यांना दाखवला. फक्त नाइटला कुणी हात लावला नाही; तिकडच्या कुणा बाईंचं वॉशिंग मशीन बंद पडलं होतं आणि त्यांना शांत करायला शंभर किलोबिट पुरत होते. आकडा चोवीसवरून आठवर उतरला. आर्किटेक्ट पडद्यासमोर उभा. बसत नव्हता.

११.५५. 'सबमिशन रिसीव्ह्ड.'

कुणीतरी फ्रिजमधून ताक काढलं. त्यात ग्रुपवर वकिलाचा गावाहून निरोप: "उद्या सकाळी पोचतो. काकांनी त्रेचाळीस इंची फोर-के टीव्ही दिलाय, घेऊन येतोय."

फोर-के म्हणजे चांगल्या चित्राला सेकंदाला पंधरा मेगाबिट. टीव्ही कुठे लावायचा यावर हॉलमध्ये लगेच दोन तट पडले: एक गॅलरीच्या बाजूच्या भिंतीचा, एक मागच्या बेडरूमचा. मी वायर पोचेल त्याच भिंतीला म्हणालो आणि कोपऱ्यातलं गुंडाळं उलगडून मापाला घेतलं. डॉक्टरने एक टोक धरलं. इंजिनियर स्टूल आणायला गेला.

कलेक्टर ताकाचा पेला धुता धुता म्हणाला, "मग बिल आठ भागांत करू या ना. टीव्हीचा एक धरून."